ओढ्याअलीकडची सही

नकाशावर आमच्या घराच्या जागी मी हिरवा ठिपका लावला. काकूंनी तो नखानं सोलून काढला.

"तिथं नाही गं लावायचा," त्या म्हणाल्या. "तो भाग धरलेलाच नाहीये."

हॉलमधल्या टेबलामागे एक गोऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे वळून काकू इंग्रजीत म्हणाल्या, "सॉरी, गोंधळली ती जरा."

मी गोंधळले नव्हते. मी बारा वर्षांची होते आणि मला नकाशा वाचता येत होता. टेबलावर पसरलेल्या त्या मोठ्या कागदावर टेकडीवरची नवी घरं होती, टेकडीच्या पायथ्याचा ओढा होता, ओढ्यावरचा लाकडी पूल होता आणि पुलाच्या अलीकडे आमची गल्ली होती. चौथं युनिट, आमचं भाड्याचं घर. बरोबर त्याच्यावर मी ठिपका लावला होता. भिंतीवर सूचना होती: नवं हायस्कूल हवं असेल त्यांनी आपल्या घरावर हिरवा ठिपका लावावा. मला हवं होतं. म्हणून लावला.

काकूंनी तो ठिपका दोन बोटांत चुरगाळला, त्याची गोळी केली आणि टेबलाखाली पुसली. नाकातलं पुसावं तशी.

माझ्या मागे पप्पा उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. मला वाटलं, आता बोलतील.

"चल," ते म्हणाले.

हात ओला होता. माझ्या फ्रॉकला त्याचा ओलावा लागला.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. न्यूझीलंडमधल्या अल्बनीत तेव्हा बघता बघता नवे रस्ते तयार होत होते. काल गवत होतं तिथं आज पाटी, उद्या घरं. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर सरकार नवं हायस्कूल बांधत होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची क्रेन दिसायची. पूल ओलांडला की चालत सात मिनिटं. मी घड्याळ लावून चालून बघितलं होतं.

या देशात सरकारी शाळेला झोन असतो. नकाशावर रेघ मारतात. रेघेच्या आत राहणाऱ्या मुलाला शाळा नाकारू शकत नाही. बाहेरच्याला जागा उरली तर, आणि सोडतीत नाव निघालं तर. नव्या शाळेची रेघ अजून मारायची होती. दोन बेत होते. लाल रेघ खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत येत होती, तिच्यात आमची गल्ली होती. निळी रेघ ओढ्यावरच थांबत होती. निळी झाली असती तर मला लांबच्या जुन्या हायस्कूलला जावं लागलं असतं. दोन बस. मॉलपाशी उतरून दुसरीची वाट बघायची. जायला एक तास, यायला एक तास. आणि खिडकीतून रोज ती सात मिनिटांवरची शाळा बघायची.

म्हणजे 'तो भाग धरलेलाच नाहीये' हे खोटं होतं. अजून काहीच धरलेलं नव्हतं. लोकांना विचारण्यासाठीच तर तो नकाशा मांडला होता.

पण काकूंच्या कोटावर स्वयंसेवकाचा बिल्ला होता. आणि काकू म्हणजे टेकडीवर राहणाऱ्या मराठी डॉक्टरांच्या बायको. त्यामुळे पप्पा म्हणाले, चल.

हे माझे पप्पा. अकोल्याला असताना ते पत्रकं लिहायचे. वसतिगृहाची शिष्यवृत्ती अडली, पत्रक. एका गावात आमच्या लोकांना विहिरीवर जाऊ दिलं नाही, पत्रक. कॉलेजात मार्क कापले, पत्रक. स्वतः लिहायचे, स्वतः छापून आणायचे, सायकलला खळीचा डबा अडकवून स्वतः भिंतीवर चिकटवायचे. त्यासाठी दोनदा मार खाल्ला होता. न्यूझीलंडला येताना कपड्यांच्या बॅगेत त्यांनी त्या पत्रकांची एक जाड फाइल घातली. मी मराठी वाचायला त्या फाइलवर शिकले. इतर मुलं चिमणी-कावळ्यावर शिकतात. मी 'हे कोणी ठरवलं?' या वाक्यावर शिकले. ते जवळजवळ प्रत्येक पत्रकात असायचं.

इथं आल्यावर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. माउंट वेलिंग्टनच्या गोदामात खोकी भरायचे आणि घरी यायचे.

आई तिकडे नर्स होती. इथली नोंदणी व्हायची होती, तोवर ती एका रेस्ट होममध्ये म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायची. तिच्या वर्क परमिटवर आम्ही चौघं या देशात होतो. ती, पप्पा, मी आणि सहा वर्षांची धाकटी. रेसिडेन्सीचा, म्हणजे इथं कायमचं राहण्याचा, अर्ज भरला होता. त्या फायलीत डॉक्टरांचं पत्र होतं: ही बाई कामाला चांगली, हे कुटुंब सज्जन. आणि डॉक्टर दर बुधवारी त्याच रेस्ट होममध्ये तपासणीला यायचे.

एवढं सांगितलं की आमच्या घरातली भीती समजेल. ती ओरडणारी भीती नव्हती. तिला शिस्त होती. लायब्ररीची पुस्तकं तारखेच्या आठवडाभर आधी परत. गाडी कायम पन्नासच्या खाली. युनिटमध्ये मोठ्यानं बोलायचं नाही, भिंती पातळ आहेत. पत्रपेटीत सरकारी पाकीट दिसलं की आई ते लगेच उघडायची नाही. आधी हात धुवायची. मग पुसायची. मग उघडायची. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे. शाळेत मला कोणी ढकललं तर मी सॉरी म्हणायचे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घरातून अंगात आलं होतं.

डॉक्टरांच्या घरी महिन्यातून एका शनिवारी मराठी मंडळी जमायची. सगळ्यांनी एक एक पदार्थ करून आणायचा. काकू फोनवर वाटून द्यायच्या. तुम्ही भरलं वांगं, तुम्ही मसालेभात, तुम्ही श्रीखंड. आईला त्या म्हणायच्या, "तुम्ही काही करू नका हो, दमता कामानं. तुम्ही कागदी ताटल्या आणा."

दर वेळी कागदी ताटल्या. एकदा आईनं तरीही शेवभाजी करून नेली. पातेलं ओट्यावर राहिलं. झाकणही कुणी उघडलं नाही. येताना ते गाडीत माझ्या मांडीवर होतं, तसंच भरलेलं. आई म्हणाली, "उद्या डब्याला होईल."

डॉक्टरांच्या घरात पप्पांची भाषा बदलायची. 'मले' म्हणणारे पप्पा 'मला' म्हणायचे. 'हो ना बाप्पा'चं 'हो, खरंय तुमचं' व्हायचं. मला ते ऐकताना कसंतरी व्हायचं. कुणीतरी दुसराच माणूस पप्पांचा शर्ट घालून बसलाय असं.

नकाशाच्या आधीच्या शनिवारी नव्या शाळेचा विषय निघाला. कुणीतरी पप्पांना विचारलं, तुमची मुलगी कुठं जाणार. पप्पा म्हणाले, "बघू, रेघ कुठं पडते ते."

डॉक्टर हसून म्हणाले, "इथं कोटा नसतो हं भाऊ. इथं झोन असतो!"

सगळे हसले. अगदी पोट धरून. पप्पाही हसले. सगळ्यांचं हसून झालं, लोक पुन्हा जेवायला लागले, तरी पप्पांच्या तोंडावर ते हसू तसंच होतं. काढायचं राहून गेलेलं.

मग काकूंनी कागद आणले. इंग्रजीत दोन पानी पत्र आणि खाली सह्यांचे रकाने. नाव, पत्ता, सही. "शाळेबद्दल आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. मराठी लोक एक आहेत हे दिसायला पाहिजे." कागद हातोहात फिरले. ताट डाव्या हातात, पेन उजव्या हातात. कुणी वाचत नव्हतं. शेवटी ते पप्पांकडे आले. पप्पांनी खिशातून चष्मा काढला.

"अहो, वाचत काय बसलात? गार होतंय," काकू म्हणाल्या.

पप्पांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. पुन्हा पहिल्यावर आले. मग सही केली. ते कायम मराठीत सही करतात. मला बरं वाटलं. पप्पांनी वाचून सही केली म्हणजे पत्र चांगलंच असणार.

नकाशाच्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी मी आणि लोसा लायब्ररीत गेलो. लोसा माझ्या वर्गात होती आणि आमच्या गल्लीत पहिल्या युनिटमध्ये राहायची. तिचे आई-वडील सामोआचे. तिची आई मॉलमध्ये साफसफाई करायची, वडील रस्त्याच्या कामावर. लायब्ररीच्या काउंटरवर एक फाइल ठेवली होती. ज्यांनी ज्यांनी झोनबद्दल लेखी म्हणणं दिलं होतं ते सगळं त्यात होतं. कुणीही वाचावं. आम्ही उभ्या उभ्या पानं उलटत होतो आणि लोकांची अक्षरं बघून हसत होतो.

मग ते दोन पानी पत्र आलं.

त्यात लिहिलं होतं की ओढ्याच्या खालची घरं भाड्याची आहेत. तिथली माणसं येतात आणि जातात. नव्या शाळेला मुळं धरलेली कुटुंबं हवीत. तेव्हा रेघ ओढ्यावरच असावी. शेवटचं वाक्य असं होतं: खालच्या गल्लीत राहणाऱ्या कुटुंबालाही हे मान्य आहे.

लोसाचं बोट सह्यांवरून खाली आलं. शेवटच्या रकान्यात थांबलं. सही तिला वाचता येत नव्हती. पत्ता येत होता.

"हे तुझं घर आहे," ती म्हणाली. "युनिट फोर."

"चुकून झालं असेल."

लोसानं फाइल माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "आम्ही नऊ वर्षं राहतोय इथं. तुम्ही दोन." आणि बॅग उचलून गेली. मी तिच्यामागे गेले नाही. ती सही माझ्यासमोर होती, गोल, वळणदार, पत्रकांच्या खाली असायची अगदी तीच. त्या अख्ख्या लायब्ररीत ती मला एकटीला वाचता येत होती.

पप्पा संध्याकाळी आले. दारात बसून बूट काढत होते.

मी विचारलं, "पप्पा, ते पत्र तुम्ही नीट वाचलं नव्हतं ना?"

मला फक्त 'नव्हतं' ऐकायचं होतं. एवढंच. मी ते मानलं असतं.

त्यांनी एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडत राहिले.

"वाचलं होतं," ते म्हणाले. "दोन खेपा वाचलं."

"मग सही का केली?"

"तुले नाई समजत ते."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मीच म्हटलं होतं, ते सांगतील तिथं करा म्हणून. डॉक्टरांचं पत्र फायलीत आहे. उद्या ते म्हणाले, मी ते परत घेतो, तर?"

"पण मी कुठं जाऊ शाळेला?"

"बस आहे ना," आई म्हणाली. तिचा आवाज फुटला. ती कांदा चिरत नव्हती. तिच्या हातात काहीच नव्हतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की वाचता येत नाही म्हणूनच भीती वाटते असं नाही. पप्पांना सगळं वाचता येत होतं. सगळं कळत होतं. तरी त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या लिपीत, स्वतःच्या मुलीला रेघेबाहेर काढलं होतं. आणि लोसाला. आणि गल्लीतल्या प्रत्येक मुलाला. ज्या माणसानं भिंतीवर 'हे कोणी ठरवलं?' लिहिलं, त्याच्या नावावर आता ते ठरत होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी, जिथं नकाशा मांडला होता त्याच हॉलमध्ये, झोनची सुनावणी होती. ज्याला बोलायचं असेल त्यानं लायब्ररीत नाव लिहायचं. वयाची अट कुठं लिहिलेली नव्हती. बुधवारी मी जाऊन नाव लिहिलं. मग बाहेर येऊन बाकावर बसले आणि दुपारचा डबा सगळा ओकले.

तीन दिवस मी जेवले नाही असं म्हटलं तरी चालेल. दर वेळी घास तोंडाशी नेला की डोळ्यासमोर विमानतळ यायचा. आम्ही चौघं. बॅगा. धाकटी झोपलेली. आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

शुक्रवारी पप्पांना कळलं. लोसाच्या आईनं त्यांना गल्लीत गाठून सांगितलं होतं, तुझी पोरगी उद्या बोलणार आहे, गुड ऑन हर.

पप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं झालं असतं. माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बोलशील तर आपल्याले वापस जा लागन."

"कोण पाठवणार?"

"मले नाई माहीत कोण. पण जा लागन."

आई इस्त्री करत होती. माझा शाळेचा शर्ट. तिनं मान वर न करता म्हटलं, "उद्या तिला गाडीनं सोडा. चालत गेली तर पुलावरूनच परत येईल."

मी आजही ते वाक्य उलटसुलट करून बघते. तिला मी जायला हवी होते की नको होते, मला ठरवता आलेलं नाही. मी तिला विचारलेलंही नाही.

पप्पांनी सोडलं. हॉलसमोर गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही, खाली उतरले नाहीत.

आत पाच जण एका लांब टेबलामागे बसले होते. मधल्या अध्यक्षबाईंच्या पुढ्यात छोटी घंटा. प्रत्येकाला तीन मिनिटं. टेकडीवरचा एक गोरा माणूस म्हणाला, आम्ही शाळा बघून इथं घरं बांधली. एक बाई म्हणाल्या, भाडेकरूंवर शाळेचं गणित कसं बसवायचं, ते पुढच्या वर्षी असतील की नाही कुणी सांगावं. लोसाची आई मागच्या रांगेत कामाच्या कपड्यांतच बसली होती. तिनं हे सगळं मान खाली घालून ऐकलं.

मग डॉक्टर उठले. गोड बोलतात ते. सगळ्यांना माओरी भाषेत 'किया ओरा' म्हणून नमस्कार केला. म्हणाले की आमच्या समाजानं या प्रश्नाचा खोलवर विचार केला आहे. "आणि हे फक्त टेकडीवरच्यांचं मत आहे असं समजू नका. खालच्या गल्लीतल्या कुटुंबाचीही यावर सही आहे." अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं. मी त्यांचं पेन हलताना पाहिलं.

त्यानंतर माझं नाव.

मी पुढे कशी गेले ते आठवत नाही. लिहून आणलेला कागद हातात होता. तो मी खाली ठेवला. नाव सांगितलं. पत्ता सांगितला. मग इंग्रजीत म्हणाले, "डॉक्टरांच्या पत्रावरची शेवटची सही माझ्या वडिलांची आहे. ती मराठीत आहे. तुम्हाला वाचता आली नसेल, म्हणून मी वाचून दाखवते."

वाचली. पूर्ण नाव. आडनावासकट. त्या हॉलमध्ये ते आडनाव मोठ्यानं म्हणताना माझे कान तापले होते.

"आमचं घर त्याच गल्लीत आहे. मला ही शाळा हवी आहे. माझ्या वडिलांनाही हवी आहे. त्यांनी ही सही..."

डॉक्टर अर्धवट उठले. हसतमुखानं, अगदी मायेनं, मराठीत म्हणाले, "बाळा, हे असं इथं बोलायचं नसतं. खाली बस. घरी बोलू आपण. आईचा विचार कर."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. दिसला तो एक प्रेमळ काका.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "काय म्हणालात तुम्ही?"

"काही नाही," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. "घाबरलीये ती. धीर देत होतो."

मी खाली बसणारच होते. मला आई दिसली. हात धुणारी. पाकीट उघडणारी. सगळं मोडून टाकायला एक वाक्य पुरेल हे मला कळत होतं.

आणि हेही कळत होतं की मी बसले तर या हॉलमध्ये त्यांनी जे सांगितलं तेच खरं ठरेल. आमच्या भाषेत दम द्यायचा आणि त्यांच्या भाषेत त्याला धीर म्हणायचं. त्या दोन भाषांमधली जागा फक्त मला दिसत होती.

"नाही," मी म्हणाले. "ते धीर देत नव्हते. ते म्हणाले, खाली बस. ते म्हणाले, आईचा विचार कर. माझी आई ज्या रेस्ट होममध्ये काम करते तिथले हे डॉक्टर आहेत. आमच्या रेसिडेन्सीच्या फायलीत यांचं पत्र आहे. म्हणून माझ्या वडिलांनी सही केली. आता तुम्हाला कळलं ते काय म्हणाले."

घंटा वाजली. तीन मिनिटं झाली होती.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षबाई म्हणाल्या, "थँक यू. पण सही मागे घ्यायची तर ज्याची आहे त्यानंच घ्यावी लागेल. तुझे वडील आलेत का?"

लोसा मागच्या रांगेत तिच्या आईशेजारून माझ्याकडे बघत होती. तिनं ओठांनी विचारलं: कुठं आहेत?

मी बाहेर धावले. दारात काकू उभ्या होत्या. माझा दंड धरून म्हणाल्या, "एवढं केलं तुमच्यासाठी. शेवटी गेलीस ना आडनावावर?"

मी दंड सोडवला.

पप्पा गाडीत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. इंजिन चालूच.

"पप्पा, आत चला. फक्त म्हणा, सही मागे घेतो. एवढंच. अध्यक्षबाई थांबल्यात."

"डॉक्टर काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"पप्पा, चला ना."

"मले नाई जमत," ते म्हणाले.

मी गाडीत बसले. पट्टा लावला. घरी येईपर्यंत त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमधून वर नेली नाही.

रेघ ओढ्यावर पडली. निळी. सही तशीच राहिली.

डॉक्टरांनी त्यांचं पत्र परत घेतलं नाही. घेणार नाही असंही कधी म्हणाले नाहीत. दर बुधवारी आईला भेटले की विचारायचे, "काय, कळलं का काही फायलीचं?" हसून. आई म्हणायची, "नाही अजून, डॉक्टर." पुढचं सगळं वर्ष प्रत्येक बुधवारी आई घरी आली की आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. वर्षानं रेसिडेन्सी आली. कागद हातात घेऊन आई मोरीत जाऊन रडली. पप्पांनी पेढे करायला सांगितले आणि पहिला डबा डॉक्टरांकडे पाठवला. मी तो न्यायला नकार दिला. तेव्हा ते स्वतः गेले.

मी पाच वर्षं दोन बसनं गेले. लोसाही त्याच बसला असायची. पहिले सहा महिने ती माझ्या शेजारी बसली नाही. मग बसायला लागली. मग भाडं वाढलं आणि तिचं कुटुंब लांब हेन्डरसनला गेलं. येतात आणि जातात म्हणे अशी माणसं. त्यांना घालवतं कोण, ते पत्रात लिहीत नाहीत.

आता मी अठराची आहे आणि युनिव्हर्सिटीत शिकते. आई नोंदणी झालेली नर्स आहे. आम्ही खालच्या गल्लीत राहत नाही. पप्पांनी टेकडीवर घर घेतलं, पार पलीकडच्या टोकाला, धाकटीच्या शाळेसाठी. ती आता बारा वर्षांची आहे. आम्ही रेघेच्या आत आहोत.

शाळा भरली आहे. झोन पुन्हा ठरवणार आहेत. पुन्हा दोन बेत. एकात रेघ आहे तशी. दुसऱ्यात खालची गल्ली आत येते आणि टेकडीच्या टोकाची घरं बाहेर जातात. आमचं घर शाळेपासून चालत पंचवीस मिनिटं. ती गल्ली सात.

गेल्या रविवारी डॉक्टर आमच्याकडे आले. पहिल्यांदाच. पप्पांनी नवे कप काढले. डॉक्टरांनी सोफ्यावर बसून खिशातून, रेघ हलवू नका म्हणणारा कागद काढला आणि म्हणाले, "आता तुम्हीही वरचे झालात भाऊ. सही लागेल तुमची."

पप्पांनी चष्मा लावला. वाचलं. पेन उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "ठेवून जा. देतो उद्या."

तो उद्या अजून आलेला नाही. कागद टेबलावर आहे. येता-जाता पप्पा त्याच्याकडे बघतात आणि मी पप्पांकडे. डॉक्टरांचा रोज फोन येतो. आई मला म्हणते, "आता कशाला? आता तर सगळं झालंय ना आपलं?" तिच्या आवाजात तेच आहे जे तेव्हा होतं. घर झालं, पासपोर्ट झाला, ते गेलं नाही. माझंही गेलेलं नाही. फोन वाजला की माझ्या तळहातांना घाम येतो.

धाकटीला मी सगळं सांगितलं. रेघ खाली सरकली तर तुला दोन बस लागतील हेही सांगितलं. ती म्हणाली, "दॅट सक्स, ताई." मी म्हणाले, हो. मी तिची समजूत घातली नाही. तिला पाच वर्षं त्या बसमध्ये बसवायची वेळ आली तर ती माझ्यामुळे येईल, आणि ते मी तिच्या तोंडावर मान्य केलंय. पण जवळ राहणाऱ्या मुलीला लांब पाठवून तिची जागा आपल्या मुलीला द्यायची, याला मी हक्क म्हणणार नाही. तो वरच्यांचा कोटा आहे. डॉक्टर ज्याला हसले होते तोच.

शनिवारी सुनावणी आहे. मी नाव दिलंय. माझा पत्ता आता रेघेच्या आतला आहे, तोच सांगणार. रेघ खाली न्या म्हणणार. सह्यांची फाइल मी आदल्या दिवशी पूर्ण वाचणार आहे आणि ज्यांनी ज्यांनी खालच्या गल्लीला बाहेर ठेवा म्हणून सही केलीय त्यांची नावं हॉलमध्ये मोठ्यानं वाचणार आहे. डॉक्टरांचं वाचीन. काकूंचं वाचीन. पप्पांचं त्यात असलं तर तेही वाचीन, आडनावासकट. बाप आहे म्हणून वगळणार नाही.